स्टॅम्पपॅड शोधताना

हळदीचा हंगाम होता. मार्केट यार्डातल्या आमच्या पेढीत सौदे उरकून शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या करायचं काम चाललं होतं. स्टॅम्पपॅड सापडेना म्हणून अण्णांचा ड्रॉवर ओढला. पावतीपुस्तकांखाली रिव्हॉल्व्हर! अण्णा मागं जेवायला गेलेले, ड्रॉवरला कुलूप नाही, आणि एका हमालाचं पोर रोज दुपारी त्याच टेबलाखाली खेळायचं.

मी हात लावला नाही. ड्रॉवर लोटला आणि अण्णा येईपर्यंत त्याला टेकून उभा राहिलो.

बँकेतून रोकड आणायचं काम अण्णांचं. हंगामात पिशवीत लाखांनी पैसे, सोबत कुणी नाही. आवारात हत्यार आणायचं नाही, हा नियम मीच टाईप करून भिंतीला चिकटवलेला. रखवालदाराचा खर्च मात्र दरसाल पुढच्या हंगामावर ढकलला जायचा.

"लायसन हाय साहेब."

होतंच. .३२ बोअर, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं. पण १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळाला म्हणून मालकानं ते पेढीत येऊ द्यायलाच हवं असं नाही. तसं सांगितलं, अगदी नोटीस वाचल्यासारखं.

"कंबरेला असतंय. बसलं की टोचतंय, म्हणून काढून ठेवतो. कुलपाचं कपाट मागायचं तर तुम्हाला सांगावं लागलं असतं की."

यावर मला बोलता येईना. चोरून आणायचं, मग ठेवायचंही चोरून. वाटेवरच्या चोराचं माहीत नाही. टेबलाखालचं पोर मला रोज दिसत होतं.

"२०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली, तेव्हा काय केलंत?"

"पोलीस ठाण्यात जमा केलं. निकालानंतर आणलं."

"मार्च ते जून. ऐन हंगाम. तेव्हा रोकड कोण आणत होतं?"

"मीच की." मग जरा थांबून, "झोप नव्हती पण."

मालकांना सांगितलं, अण्णांच्या कानावर घालूनच. मालक तडकले, काढून टाका म्हणाले. मी म्हटलं, काढा, पण उद्याची रोकड तुम्ही आणा. रिव्हॉल्व्हर घरी राहील आणि रखवालदार मिळेपर्यंत अण्णांसोबत मी जाईन, इथवर आलं.

दुसऱ्या दिवशी पिशवी मांडीवर घेऊन अण्णांच्या मागं बसलो. सिग्नलला शेजारी एक बुलेट येऊन थांबली. अण्णा समोर बघत होते. मीच दोनदा वळून पाहिलं.