वहीतली उलटी दिशा

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना मी तीन आठवडे एका बारा मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेवरून स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशांच्या मागे फिरले. दुर्बीण डोळ्यांना लावून दिवसभर क्षितिज न्याहाळायचे आणि देवमासा दिसला की टिपण करायचे, एवढीच माझी जाण्यापूर्वीची कल्पना होती. प्रत्यक्षात त्यातला बराचसा काळ मी हेडफोन लावून, डोळे मिटून बसलेली होते. याचे कारण अगदी साधे आहे. हा प्राणी एका बुडीत सुमारे पाऊण तास खाली असतो आणि मग श्वास घेण्यासाठी जेमतेम आठ-दहा मिनिटे वर येतो. डोळ्यांवर विसंबणाऱ्याला तो फार थोडा वेळ भेटतो. खाली अंधारात म्हाकूळ शोधताना मात्र तो साधारण सेकंदाला एक-दोन या गतीने टक्-टक् असा आवाज सतत काढत असतो, आणि तो आवाज पाण्यातून काही किलोमीटरवर ऐकू येतो. देवमाशांची शिकार करणाऱ्या जुन्या खलाशांना लाकडी जहाजाच्या तळातून हाच आवाज येई, आणि कोणी सुतार हातोडी मारत असल्यासारखा तो वाटे, म्हणून ते या प्राण्याला सुतारमासा म्हणत.

शिडाची नौका कशासाठी, असे मला अनेकांनी विचारले. ऐकण्याच्या कामात इंजिनाची घरघर हा सर्वांत मोठा अडथळा असतो. वाऱ्यावर चालणारी नौका त्या मानाने फार शांत असते. शिवाय हे कळप बहुधा ताशी चार किलोमीटरच्या आसपास सरकतात, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही किंचित हळू, आणि त्या गतीने इंधन न जाळता दिवसरात्र सोबत राहणे शिडाला सहज जमते. वारा पूर्ण पडला की आम्हीही इंजिन लावत असू, हे कबूल केले पाहिजे. या पद्धतीमागे एक इतिहासही आहे. स्पर्म व्हेलबद्दलची जुनी माहिती मुख्यतः मारलेल्या प्राण्यांच्या शवांवरून मिळालेली होती. 1979 मध्ये देवमाशांच्या शिकारीचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने हिंदी महासागर हे देवमाशांसाठी अभयक्षेत्र घोषित केले. त्यानंतर 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जीवशास्त्रज्ञ हॅल व्हाइटहेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ट्यूलिप’ या छोट्या शिडाच्या नौकेवरून श्रीलंकेच्या परिसरात जिवंत कळपांचा माग काढून दाखवला. आमची रोजची कामे बरीचशी त्याच वळणाची होती.

दर अर्ध्या तासाने नौका थांबवून हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, खाली सोडायचा. त्यातला एक दिशा ओळखणारा होता. दांड्याला बसवलेला तो हाताने गोल फिरवत, टकटक कोणत्या बाजूला सर्वांत ठळक येते ते पाहायचे आणि होकायंत्रावरचा आकडा वहीत लिहायचा. रात्री तर दुसरा आधारच नसे. तिसऱ्या रात्री, दोन ते पाचच्या पाळीत, उलट्यांनी गळून गेलेली असताना मी दांड्यावरची खूण उलट्या बाजूने वाचली. समोरची दिशा मागची ठरली, सुकाणू त्याप्रमाणे फिरले आणि पहाटे हेडफोनमध्ये फक्त लाटांचा आवाज उरला. चूक लक्षात आल्यावर मी वहीतला आकडा खोडायला रबर शोधू लागले, तेव्हा आमच्या प्रमुख संशोधक बाई म्हणाल्या, “रबर ठेवून दे. त्यावर एकच रेघ मार, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला बरोबर आकडा आणि तुझी सही कर.” कळप पुन्हा सापडायला आम्हाला दीड दिवस लागला. त्या दीड दिवसात मला कोणी रागावले नाही, पण त्यामुळे अधिकच संकोचल्यासारखे झाले.

दिवसाची कामे वेगळी असत. प्राणी वर आला की त्याच्या फवाऱ्यावरूनच जात ओळखता येते, कारण स्पर्म व्हेलचे नाकपूड एकच आणि डोक्याच्या पुढच्या टोकाशी डाव्या बाजूला असते, त्यामुळे फवारा पुढे आणि डावीकडे तिरका उडतो. एकाने श्वास मोजायचे, दुसऱ्याने वेळ लिहायची, तिसऱ्याने कॅमेरा रोखून मागच्या बाजूला थांबायचे. बुडी मारताना शेपटीचा पंख क्षणभर सरळ उभा राहतो. त्याच्या कडेचे खाचखळगे आणि फाटलेले भाग प्रत्येकाचे निराळे असतात, आणि ओळख त्यावरूनच पटते. तो क्षण हुकला तर पुढचा पाऊण तास वाट पाहावी लागते. बुडी मारलेल्या जागी पाण्यावर गुळगुळीत चकती उमटते. तिच्यात कधी त्वचेचे पातळ पापुद्रे तरंगताना मिळतात, ज्यांच्या डीएनएवरून नर-मादी ओळखता येते. कधी विष्ठाही मिळते, आणि तिच्यातल्या म्हाकुळांच्या चोचींवरून आहार कळतो. हे शेवटचे काम जाळीने करायचे असते आणि ते नेहमी सर्वांत नव्या विद्यार्थ्याकडे येते.

मला सर्वांत थक्क केले ते टकटकीच्या रचनेने. हा आवाज डोक्याच्या पुढच्या भागात निर्माण होतो, तेलकट द्रवाने भरलेल्या मोठ्या अवयवातून मागे जातो, कवटीपुढच्या हवेच्या पिशवीवर आदळून परततो, आणि त्याचा काही अंश पुन्हा तीच फेरी करतो. म्हणून एका टकटकीत खरे तर काही मिलिसेकंदांच्या अंतराने अनेक ठोके असतात. डोके जितके लांब, तितके हे अंतर जास्त. त्यामुळे न पाहिलेल्या प्राण्याची लांबीही ध्वनिमुद्रणावरून काढता येते. नॉरिस आणि हार्वे या संशोधकांनी 1972 मध्येच ही कल्पना मांडली होती. भक्ष्य जवळ आले की टकटक इतकी जलद होते की दार करकरल्यासारखे वाटते, आणि मग एकदम शांतता पसरते. त्या शांततेत मी दर वेळी श्वास रोखून बसत असे.

वर जमलेल्या माद्या आणि पिल्ले यांच्यात मात्र ‘कोडा’ चालतात. ठरावीक लयीतले थोडेसे ठोके, ज्यांची ढब समूहासमूहाप्रमाणे बदलते. आई खोल गेली की पिल्लू बहुधा पृष्ठभागापाशी दुसऱ्या कोणाच्या सोबतीने थांबते. सतराव्या दिवशी वाऱ्याचे नाव नव्हते, इंजिन बंद होते, आणि दोन माद्या व एक पिल्लू नौकेपासून शंभरेक मीटरवर स्वस्थ तरंगत असताना आम्हाला चाळीस मिनिटांचे निर्मळ ध्वनिमुद्रण मिळाले.

निर्मळ म्हणजे जवळजवळ निर्मळ. महाविद्यालयात परतल्यावर त्यातला प्रत्येक कोडा संगणकावर चिन्हांकित करण्याचे काम माझ्याकडेच आले. एकविसाव्या मिनिटाला एक मोठा, एकटाच ठोका आहे. त्यात दुसरा ठोका लपलेला नाही, त्याची लयही कोणत्याच कोड्याशी जुळत नाही. त्या वेळी खाली स्वयंपाकाच्या कोपऱ्यात माझ्या हातून झाकण पडले होते. चिन्हांच्या रकान्यात मी ‘नौकेचा आवाज’ असे लिहिले आणि बाजूला माझी सही केली.