१३ डिसेंबर ही तारीख कायद्यात कशी आली

नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले की मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवरून जाणाऱ्यांना वाट वाकडी करावी लागते. यशवंत स्टेडियमवरून निघालेले मोर्चे ठिकठिकाणी अडवले जातात, शिष्टमंडळातले चार-पाच जण आत जाऊन निवेदन देऊन येतात आणि संध्याकाळी माणसे गाड्या पकडून गावी परततात. याच भागात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांनी प्राण गमावले. झिरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे. कामावर जाताना मी त्याच्यासमोरून जाते आणि बहुतेक वेळा क्षणभर थांबते.

त्या मोर्चाची मुख्य मागणी एका यादीविषयी होती. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. ही गोंडांमधली वेगळी पोटजमात समजायची, की गोवारी समाजच तिथे अभिप्रेत आहे, असा तो वाद. गोवारी समाजालाच ती नोंद लागू होते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ साली दिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. यादीत भर घालणे किंवा त्यातून काही वगळणे हे न्यायालयाचे काम नाही, अशी त्यामागची भूमिका होती. संविधानाच्या अनुच्छेद ३४२ नुसार हा अधिकार संसदेचा आहे, आणि तोही कायदा करूनच वापरता येतो. विधानभवनातून फार तर शिफारस जाऊ शकते. एवढी माणसे ज्या इमारतीकडे निघाली होती, तिथे त्या दोन शब्दांना हात लावण्याचा अधिकारच नव्हता, हे मला कायद्याच्या अनुवादाच्या कामात पडल्यावर बऱ्याच उशिरा कळले आणि अजूनही ते मनातून जात नाही.

म्हणूनच ‘सरकारने कायदा आणावा’ हे वाक्य ऐकले की मला पुढचे सांगावेसे वाटते. कायदा आणला जातो तेव्हा तो विधेयक असतो, आणि विधेयकाचा कायदा होईपर्यंत त्यातल्या शब्दांवर काम करण्याच्या जागा ठरलेल्या असतात. आमच्या कामात हा फरक भाषेतच दिसतो. विधेयकात असतात ते ‘खंड’, आणि राष्ट्रपतींची अनुमती मिळून अधिनियम झाला की तेच ‘कलम’ होतात. कलम बदलायला नवा कायदा लागतो, खंड मात्र दुरुस्तीच्या एका सूचनेने बदलू शकतो.

पहिले वाचन म्हणजे पुरःस्थापन. त्या वेळी सहसा चर्चा होत नाही, विधेयक सभागृहात मांडायला परवानगी द्यावी की नाही एवढाच प्रश्न असतो. पण त्या दिवशी विधेयकाची छापील प्रत सर्वांसाठी खुली होते, आणि माझ्या मते सामान्य वाचकाचे काम त्याच दिवशी सुरू होते. प्रतीच्या शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असते. बहुतेक लोक तेवढेच वाचतात, वर्तमानपत्रांतही तेच येते. मी मात्र त्याच्या मागे असलेले, प्रत्यायोजित विधिविधानाचे ज्ञापन आधी वाचते. कोणकोणत्या गोष्टी संसद स्वतः न ठरवता नियम करणाऱ्या मंत्रालयावर सोपवत आहे, हे त्यात खंडनिहाय दिलेले असते. विधेयकात ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ हे शब्द जिथे जिथे येतात, तिथे मी पेन्सिलीने खूण करते. कारण अर्जाची मुदत किती, पुरावा कोणता, अपील कोणाकडे, अशा माणसाच्या रोजच्या आयुष्याला भिडणाऱ्या गोष्टी पुष्कळदा त्याच शब्दांच्या आड गेलेल्या असतात, आणि त्यांच्यावर सभागृहात मतदान होत नाही. नियम नंतर पटलावर ठेवले जातात खरे, पण त्यांच्यावर चर्चा झाल्याचे क्वचितच पाहायला मिळते.

दुसऱ्या वाचनात विधेयकाच्या तत्त्वावर चर्चा होते, आणि ते विधेयक समितीकडे पाठवायचे की थेट विचारात घ्यायचे हेही ठरते. विदर्भातल्या माणसाला समितीचे महत्त्व पटवायचे असेल, तर वनहक्क कायद्याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

हे विधेयक १३ डिसेंबर २००५ रोजी लोकसभेत मांडले गेले. त्याच्या नावात फक्त अनुसूचित जमाती होत्या. वनजमिनीवरचा ताबा २५ ऑक्टोबर १९८० पूर्वीचा असला तरच हक्क मिळणार होता, कारण वन संवर्धन कायदा त्या दिवसापासून लागू आहे. एका कुटुंबाला जास्तीत जास्त २.५ हेक्टर जमिनीची मर्यादा होती. गडचिरोली-चंद्रपूरकडे वनजमिनीवरच्या अशा शेतीला ‘जबरानजोत’ म्हणतात. ज्याच्या बापाने १९८२ साली जागा मोकळी करून धान लावला, तो माणूस मूळ खंडानुसार २४ वर्षांनंतरही अतिक्रमणदारच राहिला असता.

विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, समितीचे अध्यक्ष होते व्ही. किशोरचंद्र देव. समितीपुढे निवेदने आली, साक्षी झाल्या आणि मे २००६ मध्ये अहवाल आला. १९८० ची तारीख काढून विधेयक मांडल्याचा दिवस, म्हणजे १३ डिसेंबर २००५, धरावा. जमातींखेरीज पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्या इतरांनाही सामावून घ्यावे. जमिनीची कमाल मर्यादा ठेवू नये, अशा त्याच्या शिफारशी होत्या. सरकारने सगळ्या मानल्या नाहीत. तारीख बदलली, इतर पारंपरिक वननिवासी आले, मर्यादा मात्र पूर्ण न उठता ४ हेक्टर झाली. डिसेंबर २००६ मध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले.

मूळ विधेयक आणि अधिनियम टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मी ओळीशी ओळ लावून पाहिली होती. डाव्या हाताला १९८०, उजव्या हाताला २००५. मधली पंचवीस वर्षे भाषणाने किंवा घोषणेने आलेली नाहीत. कोणीतरी समितीपुढे जाऊन ‘या खंडात ही तारीख अशासाठी नको’ असे सांगितले, सदस्यांनी अधिकाऱ्यांना त्यावर प्रश्न विचारले आणि अहवालात वाक्य लिहिले गेले, म्हणून ती आली. त्याच पानांवर एक सल देणारी गोष्टही आहे. इतर पारंपरिक वननिवासींसाठी ‘तीन पिढ्या’ ही अट ठेवली गेली आणि स्पष्टीकरणात एक पिढी म्हणजे २५ वर्षे अशी व्याख्या झाली. म्हणजे २००५ च्या मागे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवायचे, १९३० पर्यंत मागे जायचे! चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या किती बिगर-आदिवासी कुटुंबांचे दावे या एका स्पष्टीकरणापाशी अडले आहेत, हे त्या भागात काम करणाऱ्या कोणालाही विचारावे. दुरुस्तीने दार उघडते तसे ते अरुंदही होते, आणि दोन्ही गोष्टी छोट्या टाइपात छापलेल्या असतात.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही गावाने तोडलेल्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना कोणी द्यायचा यावर वाद झाला. अधिनियमात ‘गौण वनोपज’ या संज्ञेची व्याख्या आहे आणि तिच्यात बांबूचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. गावकऱ्यांनी त्या शब्दावर बोट ठेवले. २०११ साली तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. व्याख्येत तो एक शब्द नसता, तर ते पुस्तक कशाच्या आधारावर मागायचे, हा प्रश्न मला पुनःपुन्हा पडतो.

समितीकडून परत आल्यावर विधेयक खंडनिहाय विचारात घेतले जाते. दूरचित्रवाणीवर हा भाग रुक्ष वाटतो. पीठासीन अधिकारी खंडांचे क्रमांक वाचत जातात, ‘हां’ आणि ‘ना’ असे आवाज येतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की सगळे आधीच ठरलेले आहे. पुष्कळदा ते तसे असतेही. खासगी सदस्यांच्या, म्हणजे मंत्री नसलेल्यांच्या, दुरुस्त्या बहुधा आवाजी मतदानानेच फेटाळल्या जातात. तरी त्या क्रमातली एक गोष्ट मला फार आवडते. खंड २ पासून शेवटपर्यंत सगळे खंड आणि अनुसूची मतास टाकून झाल्यावर मग खंड १, अधिनियमन सूत्र (संसद हा कायदा करत आहे असे सांगणारे वाक्य) आणि विधेयकाचे पूर्ण नाव यांच्यावर मत घेतले जाते. आत काय उरले हे कळल्याशिवाय नाव ठरत नाही. वनहक्क विधेयकाच्या नावात ‘इतर पारंपरिक वननिवासी’ हे शब्द आले, ते आतले बदलले होते म्हणूनच. तिसऱ्या वाचनात मग विधेयकाच्या बाजूने किंवा विरोधात बोलता येते, दुरुस्त्या फक्त औपचारिक, शाब्दिक किंवा आधीच्या बदलांमुळे आवश्यक झालेल्याच करता येतात.

यानंतर दुसरे सभागृह. राज्यसभा म्हणजे नुसता उशीर, असे मानणाऱ्यांनी वस्तू व सेवा कराच्या घटनादुरुस्तीकडे पाहावे. लोकसभेने ते विधेयक मे २०१५ मध्ये संमत केले होते आणि त्यात आंतरराज्य पुरवठ्यावर एक टक्का जादा कराची तरतूद होती. विधेयक राज्यसभेत प्रवर समितीकडे, म्हणजे त्या एका विधेयकासाठी नेमलेल्या समितीकडे, गेले, वर्षभर वाटाघाटी झाल्या, ती तरतूद गळाली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये दुरुस्त विधेयक पुन्हा लोकसभेने मान्य केले. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या घाऊक व्यापाऱ्याचा माल चार राज्यांत जातो. त्याला हा एक टक्का काय असतो हे वेगळे सांगायला नको. धन विधेयकाच्या, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाविषयीच्या विधेयकाच्या, बाबतीत मात्र राज्यसभेला सूचनाच करता येतात. मार्च २०१६ मध्ये आधार विधेयकावर तिने सुचवलेल्या पाचही दुरुस्त्या लोकसभेने त्याच दिवशी नाकारल्या.

मला खरी काळजी वाटते ती समितीची पायरी गाळली जाण्याची. विभागवार स्थायी समित्या १९९३ पासून आहेत. आज त्या २४ आहेत आणि प्रत्येकीत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. या समित्यांच्या बैठकांत कॅमेरे नसतात आणि पक्षादेश लागू नसतो, त्यामुळे सभागृहात एकमेकांवर ओरडणारे सदस्य तिथे एकाच खंडावर शांतपणे बोलतात. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनंतर सभागृहात पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते. म्हणून मोकळेपणाने शंका घेण्याची जागा समितीतच उरली आहे. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या नोंदींनुसार पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के.

२०२० ची कृषी विधेयके समितीकडे गेली नाहीत. राज्यसभेत मतविभागणीची, म्हणजे मते मोजून घेण्याची, मागणी होत असताना, सदस्य आपापल्या जागेवर नाहीत असे कारण देऊन, ती आवाजी मतदानाने संमत झाली. पुढे वर्षभर आंदोलन चालले. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते कायदे रद्द करणारे विधेयक दोन्ही सभागृहांनी एकाच दिवशी चर्चेविना मंजूर केले. त्या कायद्यांची बाजू कोणी कशीही घेवो, येताना आणि जाताना दोन्ही वेळा संसदेने त्यांचे खंड उघडून पाहिले नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्या संविधान सभेत मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, तिचा वारसा आपण सांगतो. त्या दुरुस्त्यांना उत्तरे देत बसलेल्या बाबासाहेबांपुढे नतमस्तक व्हायला दरवर्षी लाखो लोक आमच्या शहरात दीक्षाभूमीवर येतात.

दोन वर्षांपूर्वी एका विधेयकावर संसदीय समितीने सूचना मागवल्याची जाहिरात आम्ही पाहिली. मुदत पंधरा दिवसांची होती आणि त्यातले सहा दिवस आधीच गेले होते. धरमपेठेतल्या एका खोलीत आम्ही चौघे बसलो. आमच्यातले एक ज्येष्ठ कार्यकर्ते आठ पाने लिहून आले होते; त्यांत अन्यायाचा सगळा इतिहास होता आणि एकही शब्द खोटा नव्हता. पण खंडाचा क्रमांक कुठेच नव्हता. रात्री अकरापर्यंत बसून आम्ही त्याची सव्वा पाने केली. सगळ्यांत वर एक ओळ लिहिली: अमुक खंडातील ‘ग्रामसभेचा सल्ला घेता येईल’ या मजकुराऐवजी ‘ग्रामसभेची पूर्वसंमती घेण्यात येईल’ हा मजकूर दाखल करावा. त्याखाली तीन परिच्छेदांत कारणे, आणि त्या इतिहासातल्या दोनच घटना, गाव आणि सालासह. ज्येष्ठांना आधी ते पटेना. मग ती ओळ त्यांनी दोनदा मोठ्याने वाचली आणि सही केली.

पुढे समितीचा अहवाल आला, तेव्हा मी त्या खंडाचे पान काढले. अशा स्वरूपाच्या अनेक सूचना आल्याचे त्यात नमूद होते, मंत्रालयाने दिलेले उत्तर छापलेले होते, आणि खाली समितीने खंड आहे तसाच ठेवला होता. दोन सदस्यांनी मात्र भिन्नमतपत्रिका जोडली होती, आणि तिच्यात ‘पूर्वसंमती’ हा शब्द होता. ते पान मी ज्येष्ठांना नेऊन दिले. त्यांनी त्या शब्दाखाली रेघ मारली आणि पुढच्या अधिवेशनाच्या तारखा विचारल्या.