तुम्ही विचारलंत म्हणून: तळ्यातला साप

परसातलं माझं तळं बघायला येणारे लोक मासे बघून झाले की हमखास विचारतात, "इथे साप येत नाही का हो? आणि आला तर काय करता?" उभ्या उभ्या माझ्याकडून अर्धंमुर्धंच उत्तर दिलं जातं. आज सगळं सांगतो.

येतो. दरवर्षी येतो. उथळ काठ, मासे, बेडूक, उन्हात तापणारे दगड आणि त्या दगडांखालच्या गार कपारी, असं आपण हौसेनं जे जे मांडतो ते सगळं त्याच्या सोयीचंच असतं. माझ्याकडे येतो तो बहुतेक वेळा दिवड. कुणी त्याला पाणदिवड म्हणतं, कुणी विरोळा. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन आणि डोळ्यापासून ओठाकडे तिरप्या उतरणाऱ्या दोन काळ्या रेघा. बिनविषारी आहे, पण चिडतो पटकन आणि चावतोही. डिवचला की मान चपटी करून डोकं उचलतो. बघणाऱ्याला वाटतं नागच, आणि काठी पडते. उलटी चूक तर जिवावर बेतू शकते, कारण पाण्यात दिसला म्हणून तो दिवडच असेल असं नाही. नागालाही पोहता येतं. शंभर टक्के ओळख पटली नसेल तर जवळ जायचं नाही, सर्पमित्राला बोलवायचं. आणि चावलाच तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायची नाही. तो भाग हलू न देता थेट दवाखाना गाठायचा.

आता पहिल्या वर्षाबद्दल. तळं नवीन होतं आणि रोज एकदोन मासे कमी होत होते. काठावर एकदा दिवड दिसला होता, त्यामुळे चोर कोण याबद्दल मला शंकाच उरली नाही. पाण्यावर मऊ नायलॉनची जाळी अंथरली, कडा दगडांनी दाबल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तो त्यात अडकलेला सापडला. सापाचे खवले मागच्या बाजूला वळलेले असतात. पुढे घुसताना जाळीचं भोक जरा सैल वाटतं, मागे येताना तोच दोरा खवल्यांत रुततो, आणि सुटण्यासाठी तो आणखी पुढे घुसतो. चार ठिकाणी दोरा मांसात गेला होता. सर्पमित्रानं डोकं धरलं आणि मी लहान कात्रीनं एकेक धागा कापत बसलो. दुपारपर्यंत तो मेला.

आणि मासे त्यानंतरही कमी होतच राहिले. आठवड्याभरानं पहाटे लवकर उठलो तेव्हा काठावरच्या दगडावर ढोकरी, म्हणजे छोटा बगळा, उभी होती, अगदी निश्चल. मान लांबवली, मासा उचलला, गिळला. आदल्या दिवशी एका माशाच्या पाठीवर दिसलेली भोसकल्यासारखी जखम तेव्हा मला कळली. साप असा घाव करून मासा सोडून देत नाही. तो मासा अख्खा गिळतो, बहुधा डोक्याकडून, आणि पोट भरलं की काही दिवस त्याला भूक नसते. रोज ठरल्यासारखे मासे जात असतील तर आधी बगळ्यावर नि खंड्यावर नजर ठेवा. हे मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर!

म्हणून कोणतीही मऊ जाळी मी आता वापरत नाही. लहान पिल्लांच्या टाकीभोवती ताठ तारेची जाळी आहे. तिची भोकं ६ मिलिमीटरची, उंची जमिनीवर ९० सेंटिमीटर, खाली १५ सेंटिमीटर मातीत गाडलेली आणि वरची कड बाहेरच्या बाजूला झुकवलेली. पिल्लं सापाच्या जबड्यात मावणार नाहीत एवढी जाड झाली की मगच मोठ्या तळ्यात जातात. तळ्याचा उथळ काठ मी खोदून सरळ उतरता केला, कारण काठाजवळच्या उथळ पाण्यात मासा कोंडीत पकडणं सापाला सोपं जातं. दगडांमधल्या फटी सिमेंटनं बुजवल्या. गवत आखूड ठेवतो. माशांचं खाणं जमिनीवर सांडू देत नाही. सांडलेल्या खाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे जे साप येतात ते दिवडापेक्षा फार वेगळे असू शकतात. फिल्टरच्या डब्यात मात्र कधीही न बघता हात घालू नका. अंधारी, ओली, बंदिस्त जागा सापाला फार आवडते. मी झाकण काठीनं उचलतो, बॅटरी मारतो, मगच हात.

डांबराच्या गोळ्या, गंधक, फिनाईल यांबद्दलही विचारता. गोळ्या नि गंधक ओलांडून साप खुशाल जातो. आणि डांबराच्या गोळ्या काय, फिनाईल काय, पाण्यात उतरलं की आधी मरतात ते आपलेच मासे.

"मग पकडून लांब सोडून का येत नाही?" घरात शिरला किंवा विषारी असला तर पकडायलाच हवा. पण तळ्यावरच्या दिवडाला त्याचा परिसर ठाऊक असतो. कुठे दडायचं, कुठे ऊन खायचं हे पाठ असतं. अनोळखी जागी सोडलेला साप ते शोधत भटकतो आणि त्यात बरेचदा जीव गमावतो. इथे तळं आणि बेडूक तसेच असल्यामुळे त्याच्या जागी दुसरा येतोच.

सध्याचा दिवड उत्तरेकडच्या चपट्या दगडावर ऊन खातो. खाणं टाकायला जाताना मी पाय जरा जोरात आपटत जातो, जमिनीतून त्याला ते कळतं. तो पाण्यात सरकतो, पलीकडच्या पाणवनस्पतींतून फक्त डोकं वर काढतो आणि मी जाईपर्यंत तसाच थांबतो. मोठे मासे त्याच्याजवळूनच खाण्याकडे येतात.