एकवीस घरमाश्या, तीन मधमाश्या, गांधील शून्य

आठ दिवसांनी सापळ्याची बाटली खाली उतरवली, जुन्या पेपरवर ओतली आणि काडीने एकेक वेगळं करत मोजायला बसलो. एकवीस घरमाश्या, चार पतंग, मुंग्यांचा लगदा आणि तीन मधमाश्या. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता, त्या गांधीलमाश्यांपैकी एकही नाही. त्या डोक्यावर, छज्ज्याखालच्या घरट्यावर निवांत बसून होत्या. शेजारचे काका कंपाउंडवरून बघत होते. म्हणाले, "काहून बाप्पा, सरबत पाजून राहिला का तू त्याईले? पण त्या तर पिऊन नाही राहिल्या!"

सुरुवात मे महिन्यात झाली. आमचं घर नागपुरात, प्रतापनगरच्या बाजूला, जुनं, तळमजल्याचं. मागे अंगण आहे, त्यात एक लिंबू, एक सीताफळ, आणि खिडकीला लागून लोखंडी स्टँडवर कूलर. आई कूलरमध्ये पाइप सोडायला गेली आणि कानामागे चावलं. स्टँडच्या खालच्या पट्टीला पाच रुपयांच्या नाण्याएवढं राखाडी घरटं होतं, उलट्या छत्रीसारखं एका देठावर लटकलेलं. ते आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं. मेमध्ये या माश्या कूलरच्या ओल्या ताट्यांवर पाणी न्यायला येतात. घरटं तापलं की पोळ्यावर पाण्याचे थेंब ठेवून वर पंखांनी वारा घालतात. म्हणजे त्यांचाही कूलरच.

पहिला अर्धा तास उपचार कमी आणि सल्ले जास्त. कुणी म्हणे लोखंड घासा, कुणी म्हणे चुना लावा, कुणी तुळशीखालची माती घेऊन आलं. आम्ही साबणाने धुतलं, फडक्यात बर्फ गुंडाळून ठेवला, डॉक्टरांना फोन करून ॲलर्जीची एक गोळी, सेटिरिझिन, दिली. काटा शोधत बसायची गरज नव्हती, कारण काटा मधमाशीचा आत राहतो. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत, ती काढून घेते आणि वाटलं तर पुन्हा मारते. सूज दोन दिवस राहिली. डॉक्टरांनी फोनवर एकच गोष्ट बजावली होती: श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या किंवा चक्कर आली, तर घरी थांबायचं नाही, सरळ कॅज्युअल्टी गाठायची. तसं काही झालं नाही. पण आई मागच्या दाराने जायचंच टाळायला लागली आणि ते मला बघवेना.

म्हणून बाटली. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली वरून एक तृतीयांश कापायची, झाकण काढून तो भाग नरसाळ्यासारखा उलटा आत बसवायचा, कडेने टेप, आत गुळाचं पाणी. आत शिरायचा रस्ता सापडतो, बाहेर यायचा सापडत नाही, कारण माशी उजेडाकडे आणि भिंतीकडे धडका मारत राहते आणि भोक असतं मधोमध. युक्ती बरोबर होती, गिऱ्हाईक चुकलं होतं.

हे मला कळलं ते लिंबाखाली उभं राहून. छज्ज्याखालची एक गांधील लिंबाच्या पानावर आली, पानं कुरतडणाऱ्या हिरव्या अळीला धरलं, जबड्यांनी चावून चावून तिची गोळी केली आणि उचलून नेली. जवळजवळ पाच मिनिटं चाललं होतं. या बारीक कमरेच्या कागदी गांधील. अळ्या मारून पिल्लांना भरवणाऱ्या. त्यांना माझ्या गुळाच्या पाण्याचं फार कौतुक नव्हतं. दुपारी शांत असलं की त्या आमच्या जुन्या लाकडी फाटकावर बसून लाकूड खरवडताना ऐकूही यायच्या, अगदी बारीक खर्र खर्र. तो भुसा लाळेत मळून त्यांचा कागद होतो.

मग बाटलीचा नाद सोडून दोन घरटी काढली, कूलरखालचं आणि दारावरच्या छज्ज्याखालचं. दोन्ही लहान होती, चार-पाच माश्यांची. अंधार पडल्यावर, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला उपरणं गुंडाळून, स्प्रेच्या बाटलीतून भांड्यांच्या साबणाचं दाट पाणी मारलं. पंख आणि श्वासाची छिद्रं भिजली की त्या उडत नाहीत, खाली पडतात. घरटं मोठं असतं तर मी हे केलं नसतं. आठवडाभरात दारावर पुन्हा देठ दिसला, दोन माश्या नव्याने बांधत होत्या. आपल्याकडच्या या माश्यांच्या एका जातीवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी कित्येक दशकं काम केलं. त्यांच्या माश्यांमध्ये राणी दिसायला वेगळी नसते, आणि राणी काढली की कामकऱ्यांतलीच एक गादी चालवायला पुढे येते. ते वाचल्यावर मी दारावर रोज सकाळी झाडू फिरवायला लागलो. बांधायला घेतलं की पाडायचं. पंधरा दिवसांत त्यांनी जागा सोडली.

एवढ्यावर भागलं असतं. पण पोळा आला, दुसऱ्या दिवशी मारबत निघाली, म्हणजे रोगराई-इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची नागपूरची मिरवणूक, आणि आई टीव्हीवर मिरवणूक बघता बघता म्हणाली, "आमच्या गांधीलमाश्या पण घेऊन जा गे मारबत!" मारबतीने ऐकलं नाही. उलट त्याच आठवड्यात मोठ्या आल्या.

या वेगळ्याच. इंचभर लांब, विटकरी रंगाच्या, पोटावर पिवळा जाड पट्टा, तोंडावरही पिवळं. आमच्याकडे येणारा मिस्त्री त्यांना ततैया म्हणतो. या दुपारच्या उन्हात जास्त जोर धरतात. यांच्या तपकिरी-पिवळ्या कवचात सूर्यप्रकाशातून थोडी ऊर्जा मिळवायची सोय असल्याचं तेल अवीवच्या संशोधकांनी 2010 मध्ये मांडलं होतं. नागपूरच्या ऑक्टोबर हीटमध्ये त्यांना काय कमी! पिकलेल्या सीताफळाला भोक पाडून आत डोकं घालायच्या. आई फळ उचलायला गेली की आतून गुरगुर यायची.

आता बाटलीचं गिऱ्हाईक आलं होतं. पण पहिल्या वेळच्या तीन मधमाश्या मनात होत्या, म्हणून या खेपेला पाककृती बदलली: सडका पेरू, गुळाचं पाणी, दोन चमचे व्हिनेगर आणि साबणाचा एक थेंब. व्हिनेगरच्या आंबट वासाला मधमाश्या सहसा येत नाहीत. साबणाने पाण्याचा ताण मोडतो, माशी पृष्ठभागावर तरंगून सुटत नाही, बुडते. काकांनी बीअर घालायचा सल्ला दिला, म्हणे नशेत मरतील. पण 2024 मध्ये तेल अवीवच्याच संशोधकांनी दाखवलं की ही जात ऐंशी टक्के अल्कोहोलचं द्रावणही दिवसच्या दिवस पिऊन धडधाकट राहते. काकांना हे सांगितलं तर ते कौतुकाने बाटलीकडे बघत राहिले.

दुसऱ्या बाटलीत काकांकडून आणलेले चिकनचे तुकडे घातले. आमच्या घरात ते चालत नाही, त्यामुळे ती बाटली काकांच्या बाजूच्या भिंतीवर गेली. मोठी माशी घन मांस स्वतः पचवत नाही, ते ती अळ्यांसाठी नेते, आणि अळ्या बदल्यात तिला गोड रस देतात. हंगामाच्या शेवटाला अळ्या कमी झाल्या की कामकरी माश्या गोडावर तुटून पडतात. माझ्या मोजणीत सप्टेंबरमध्ये चिकनला नऊ आणि पेरूला बारा, ऑक्टोबरच्या मध्याला चिकनला दोन आणि पेरूला सव्वीस. चिकन नागपूरच्या उन्हात दुसऱ्या दिवशी वाळतं, तिसऱ्या दिवशी मांजर येतं. ती बाटली मी बंद केली.

दोन चुका सांगतो. पहिली: बाटली मी व्हरांड्यातच टांगली, म्हणजे बसायच्या जागेच्या डोक्यावर. आई म्हणाली, "अरे, तू तर त्यांना जेवायला बोलावून राहिला!" बरोबरच होतं. वीसेक फूट लांब, कंपाउंडच्या भिंतीला, डोक्याएवढ्या उंचीवर नेली तेव्हा व्हरांडा मोकळा झाला. दुसरी चूक अंगठ्यावर आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी ओतून टाकताना सगळ्या मेल्यात असं धरून चाललो. नरसाळ्याच्या मानेत एक जिवंत अडकली होती. खूप दुखलं, हात मनगटापर्यंत सुजला, दोन दिवस स्कूटर चालवली नाही. तेव्हापासून बाटली रात्री आख्खीच साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवायचो, सकाळी चिमट्याने उपसायचो. मेलेलीची नांगीही टोचू शकते, म्हणून हाताने नाहीच.

इतकं करून दर तीन दिवसांचा आकडा मात्र वीसच्या खाली येईना. एका संध्याकाळी खुर्ची टाकून फक्त बघत बसलो. कलत्या उन्हात त्यांच्या उडण्याची रेघ स्पष्ट दिसते. सगळ्या एकाच बाजूला जात होत्या, भिंतीपलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर, विटांच्या ढिगाखालच्या एका भोकात. मिनिटाला सात-आठ आत-बाहेर. मी बाटलीत वीस मारत होतो, तिकडे रोज नव्या जन्मत होत्या.

मग फोन. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने प्लॉटच्या मालकाचं पत्र मागितलं, मालक पुण्यात. एक उत्साही मुलगा पेट्रोल ओतून काडी लावायला तयार होता, त्याला चहा पाजून परत पाठवला. शेवटी मालकाची फोनवर परवानगी घेऊन पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं, अठराशे रुपये. तो दिवसा आला नाही, साडेसातला आला. अंगभर जाड सूट आणि टॉर्चला लाल कागद, कारण लाल उजेड त्यांना नीट दिसत नाही. भोकात लांब नळीने भुकटी फुंकली आणि पाच मिनिटांत गेला. भोक लगेच बुजवू नका म्हणाला. रात्री बाहेर राहिलेल्या सकाळी आत जातात, पायाला भुकटी लागते. बुजवलं तर त्या दुसरीकडून वाट काढतील. चौथ्या दिवशी तोच येऊन विटांचा चुरा घालून गेला.

बाटली मी काढली नाही, आकडा बघायला ठेवली. पुढच्या तीन दिवसांत सहा, त्याच्या पुढच्यात दोन, मग दिवाळीपर्यंत एकही नाही.

आई आता मागच्या दाराने जाते. लिंबावर एक कागदी घरटं अजून आहे, फांदीच्या खाली, तळहाताएवढं. काढतो म्हटलं तर म्हणाली, "राहू दे. औंदा लिंबाला अळी कुठे आहे?"