ट्रायकोडायनाचे दात मोजताना

तिलापियाच्या पिल्लांच्या कल्ल्यांवर कोणते सिलिएट (अंगावर केसांसारख्या पक्ष्माभिका असलेले एकपेशीय) परजीवी आहेत, ते प्रजातीच्या नावानिशी सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं. 'ट्रायकोडायना आहे' इतपत सांगणं सोपं. एक गोल, चपटं, गरगरत सरकणारं काहीतरी दिसलं की ओळख पटते. घाम फुटतो तो त्याच्या पुढे.

सगळ्यात आधी पक्कं झालं ते हे की मासा जिवंत हवा, निदान नुकताच मारलेला तरी. मासा मेला की ट्रायकोडायना फार वेळ थांबत नाहीत, निघून जातात. आणि टेट्राहायमेनासारखे कुजक्या मांसावर जगणारे सिलिएट गर्दी करतात. मग रोगाचं खापर भलत्याच्याच माथी. म्हणून कव्हरस्लिपच्या कडेने अंगावरचा बुळबुळीत थर डोक्याकडून शेपटीकडे हलकेच खरवडायचा, कल्ल्याचा छोटा तुकडा कापायचा आणि त्याच टाकीतल्या पाण्याच्या थेंबात लगेच बघायचं, हा माझा शिरस्ता झाला.

या ओल्या स्लाइडला लोक उगाच कमी लेखतात. जिवंतपणीची चाल कुठल्याच रंगवलेल्या स्लाइडवर दिसत नाही. माशांवरचे इतर सिलिएट तिथेच वेगळे काढता येतात. इक्थिऑफ्थिरियस संथपणे लोळत राहतो, पूर्ण वाढलेला तर 1 मिलिमीटरपर्यंत जातो आणि आत नालेच्या आकाराचं केंद्रक दिसतं. चिलोडोनेला चपटा, मागच्या टोकाला खाच असलेला, पृष्ठभागाला चिकटून सरकणारा. एपिओसोमा एका जागी बूड टेकून उभा, एपिस्टायलिसला फांद्या फुटलेला देठ. नालेसारखं केंद्रक ट्रायकोडायनालाही असतं, पण ते बहुधा हिमॅटोक्झिलिनने रंगवल्यावरच नीट दिसतं. त्यामुळे नुसतं 'नाल दिसली' म्हणून निकाल लावता येत नाही.

ट्रायकोडायनाच्या भाऊबंदांत गट ठरतो तो तोंडाकडे जाणाऱ्या पक्ष्माभिकांच्या वळशावरून. ट्रायकोडायनात हा वळसा एक पूर्ण फेरा किंवा त्याहून जास्त असतो. ट्रायपार्टिएला आणि ट्रायकोडिनेला यांच्यात तो फेरा पुरा होत नाही. फोकस वरखाली करत तो वळसा डोळ्याने धरावा लागतो, आणि प्राणी स्वस्थ बसत नाही. पाणी थोडं सुकून त्याची गती मंदावली की जेमतेम काही क्षण मिळतात.

प्रजातीसाठी मात्र चांदीने रंगवण्याला पर्याय नाही. क्लाइनच्या पद्धतीत पातळ लेप हवेत वाळवायचा, त्यावर 2 टक्के सिल्व्हर नायट्रेट 8 ते 10 मिनिटं ठेवायचं, डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं आणि अतिनील प्रकाशाखाली ठेवायचं. नळाचं पाणी नको; त्यातल्या क्लोराइडमुळे चांदीचा साका धरतो. हातमोजे विसरलात तर बोटं काळी, आणि ती साबणाला दाद देत नाहीत. प्रकाशाला घड्याळ लावून भागत नाही. मी स्लाइड अधूनमधून उचलून बघायचे आणि तपकिरी झाक आली की थांबवायचे. जास्त झालं तर सगळंच काळवंडतं.

नीट जमलेल्या स्लाइडवर तैलभिंगाखाली ट्रायकोडायनाच्या तळाशी असलेल्या चिकटचकतीतलं (तिच्या आधाराने तो माशाला धरतो) दातांचं कडं उघडतं. कागदाचे कोन एकात एक सरकवून गोल फिरवावेत, तसे दात एकमेकांत बसलेले असतात. प्रत्येक दाताला बाहेरच्या बाजूला रुंद पातं, आत मध्याकडे वळलेला काटा आणि या दोघांच्या मधे शंकूचा भाग. मोजमापांची एकसारखी पद्धत 1958 मध्ये लोम यांनी घालून दिली: शरीराचा आणि चिकटचकतीचा व्यास, कड्याचा व्यास, दातांची संख्या, एका दातामागे किती आरे (चकतीतल्या बारीक रेघा). पण आकडे बऱ्याच प्रजातींचे एकमेकांवर चढतात. म्हणून 1989 मध्ये व्हॅन अ‍ॅस आणि बासन यांनी ठरावीक अक्ष आखून त्यांच्या आधाराने दाताच्या आकाराचंच वर्णन करायची रीत दिली. माझ्या मते खरं काम तिथेच होतं. पात्याचं टोक अक्षाला टेकतं की अलीकडेच थांबतं, काटा सरळ आहे की मागे झुकलेला, हे कागदावर रेघा ओढून बघितल्याशिवाय कळत नाही. चकतीच्या मध्यावरही नजर हवी: ट्रायकोडायना अ‍ॅक्युटात तिथे स्वच्छ गोल दिसतो, रेटिक्युलाटात पेशींसारखी जाळी.

माझ्या स्लाइडांवर मधला गोलही नव्हता आणि जाळीही. पाती मोठी, विळ्यासारखी वाकलेली होती. सगळा रोख हेटेरोडेंटाटाकडे जात होता. डंकन यांनी 1977 मध्ये फिलिपिन्समधून वर्णन केलेली ही प्रजाती तिलापियासोबत बरीच पसरली आहे. तिचे दात एकाच गटातही बरेच वेगवेगळे निघतात, त्यामुळे दोन-चार सुंदर नमुन्यांवर नाव ठोकणं मला पटत नाही. दुमडलेले, तिरके पडलेले सगळे बाजूला काढले आणि सपाट बसलेले तेवढेच मोजले. अहवालात बहुतेक नमुन्यांपुढे हेटेरोडेंटाटा लिहिलं. एका माशाच्या स्लाइडवर मोजण्याजोगं एकही कडं सपाट मिळालं नाही. तिच्यापुढे 'ट्रायकोडायना, प्रजाती अनिश्चित' एवढंच लिहिलं, आणि नव्या माशांवरून पुन्हा लेप घ्यावा अशी नोंद केली.