दाते मासामुने, ७५ मिमी: काळ्यावर काळं

चिलखत एकदाचं उरकलं. दाते मासामुने, सोळाव्या शतकातला एकाक्ष जपानी सरदार, रंगवायचा म्हटलं (आडनावाचा उच्चार खरंच असा आहे, पुण्यातल्या दात्यांनी गैरसमज करून घेऊ नये) की सगळा जीव काळ्या रंगात अडकतो. काळा पत्रा, त्यावर काळी लाख, तिच्यावर काळ्या रेशमाची गुंफण. जपानमधल्या सेंदाईच्या शहर संग्रहालयात ठेवलेलं त्याचं चिलखत फोटोत बघताना भारदस्त वाटतं. तेच बोटभर उंचीच्या रेझिनच्या पुतळ्यावर उतरवायला गेलं की सगळं मिळून कोळशाचा गोळा दिसतो.

उपाय रंगात सापडला नाही, चकाकीत सापडला. पत्रे आणि रेशीम दोन्ही आधी जवळपास एकाच काळ्याने रंगवले. पत्र्यांच्या काळ्यात प्रशियन ब्लूचा थेंब, रेशमाच्या काळ्यात बर्न्ट अंबरचा. मग पत्र्यांवर ग्लॉस वार्निश आणि गुंफणीवर शून्य नंबरच्या ब्रशने मॅट. इतकं केल्यावर दोन्ही आपोआप वेगळे झाले. लाखेवर वरच्या कडेला फिकट निळसर रेघ, आकाशाचं प्रतिबिंब म्हणून. खालच्या कडेला मातकट तपकिरी. राखाडीने हायलाइट देण्याचा मोह टाळा. राखाडी दिली की लाख जाते आणि रबर दिसायला लागतं.

पावसाळ्यात हे काम करणाऱ्यांसाठी: स्प्रे कॅनचा प्रायमर दमट हवेत पांढरट पडतो आणि काळ्याखाली तो लपत नाही. मी प्रायमर ब्रशनेच दिला, पातळ करून, दोन हात.

आता त्या चिलखताबद्दल, कारण ते समजल्याशिवाय रंगवण्यात मजा नाही. छातीचा भाग पाच लोखंडी पत्र्यांचा: पुढे एक, मागे एक, डावीकडे एक आणि उजवीकडे दोन. बिजागऱ्या बाहेरून दिसतात, त्यांतल्या सळ्या काढल्या की सगळं सुटं होतं. या घडणीला युकिनोशिता म्हणतात. जुन्या सामुराई चिलखतांत बारीक पट्ट्या दोरीने गुंफून अंगाशी लवचिक बसवायच्या. इथे सरळ सपाट पत्रे आहेत. कारण उघड आहे. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांची बंदूक आली आणि मासामुने १५६७ मध्ये जन्मला तोवर ती जपानभर पसरली होती. गोळी अडवायची तर सलग पत्रा हवा. हीच घडण त्याने आपल्या लोकांसाठीही वापरली, म्हणून पुढे तिला सेंदाई पद्धत असंही नाव पडलं. नटवा म्हणून जगभर गाजलेल्या माणसाचं चिलखत असं साधं, कामापुरतं आणि शिपायांच्या चिलखतासारखं आहे. मला तो आवडायला लागला तो इथून.

नखरा सगळा डोक्यावर आहे. शिरस्त्राण ६२ पत्र्यांचं, प्रत्येक जोडावर उभी धार. माझ्या पुतळ्याचं डोकं वाटाण्याएवढं, तेव्हा ६२ धारा विसरा. जुन्या मोटरच्या वाइंडिंगमधली तांब्याची तार सुपरग्लूने बसवत गेलो आणि जेवढ्या मावल्या तेवढ्यांवर थांबलो.

शिरस्त्राणाच्या कपाळावरच्या चंद्रकोरीवर मात्र तडजोड नाही. किटमधली कोर जाडजूड आणि दोन्ही बाजूंना सारखी होती. खरी कोर पातळ आहे आणि तिरपी. घालणाऱ्याच्या उजवीकडचं टोक आखूड, डावीकडचं लांब. तलवार उगारताना हात अडू नये म्हणून, असं सांगतात. तांबट आळीतून पातळ पितळी पत्रा आणला, कानसून कोर काढली आणि वर सोन्याचा वर्ख बसवला. सोनेरी रंगाच्या कुठल्याच बाटलीत वर्खाची धग नाही. कोरीशिवाय पुतळ्यावर सोनेरी काही ठेवलेलं नाही, आणि म्हणूनच ती दिसते.

डोळा. लहानपणी देवीच्या आजारात त्याचा उजवा डोळा गेला. सिनेमा, मालिका आणि गेम्सनी त्यावर काळी पट्टी चढवली, आणि बाजारातले निम्मे पुतळे पट्टी घेऊनच येतात. मी पट्टी खरवडून काढली. आधार म्हणून मात्सुशिमाच्या झुइगान्जी देवळातली लाकडी मूर्ती घेतली. त्याच्या बायकोने, मेगोहिमेने, त्याच्या सतराव्या स्मृतिवर्षासाठी ती करवून घेतली. त्याला स्वतःला चित्रांत दोन्ही डोळे धड हवे असत, पण या मूर्तीत उजवा डोळा गेलेलाच दाखवलाय. १९७४ मध्ये सेंदाईच्या झुइहोदेनमधली त्याची समाधी उघडली तेव्हा सांगाड्यावरून उंची १५९.४ सेंमी निघाली आणि डोळ्याच्या खोबणीच्या हाडाला इजा नव्हती. म्हणजे तलवारीचा व्रण रंगवण्यातही अर्थ नाही. मी पापणी अर्धी मिटलेली ठेवली आणि आत मळकट पांढऱ्याचा एक ठिपका.

प्रसंग कुठला निवडायचा यावर बराच घोळ घातला. बहुतेक जण १५९० घेतात. तेव्हा जपान एका सत्तेखाली आणणाऱ्या हिदेयोशीने ओदावारा किल्ल्याला वेढा घातलेला, मासामुने उशिरा पोचलेला, आणि मरणाच्या तयारीचे पांढरे कपडे घालून समोर गेलेला. नाट्य आहे, पण त्यात चिलखत नाही. दुसऱ्याच वर्षी बंडाला फूस दिल्याचा आरोप आला, तेव्हा तो मरणाच्याच तयारीचा, सोन्याने मढवलेला क्रूस मिरवत क्योतोला गेला म्हणतात. तो डायोरामा कोणीतरी करा, मी बघायला येतो.

मी १५९२ घेतलंय. कोरियाच्या मोहिमेला निघालेली त्याची फौज क्योतोतून गेली आणि शहर बघत राहिलं. गडद निळ्या निशाणांवर सोनेरी सूर्य, पायदळाच्या काळ्या चिलखतांवर पुढेमागे सोनेरी गोल, डोक्यावर उंच निमुळत्या सोनेरी टोप्या. पुन्हा तेच गणित: अंगभर काळं आणि सोनं फक्त लांबून दिसेल तिथे. पंचविशीतल्या या माणसाने नुकताच आपला जिंकलेला आइझू प्रदेश हिदेयोशीपायी गमावला होता. एवढी मिरवणूक काढण्यामागे हौस किती आणि हिशेब किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी हिशेबाच्या बाजूने आहे.

त्याच्या नावाने जपलेला जांभळ्या लोकरीचा, रंगीत ठिपक्यांचा अंगरखाही डोळ्यांसमोर होता. नाही घातला. एवढं काळं रंगवून त्यावर लोकर कोण पांघरेल?

पुढचं काम त्याच्या मागच्या तीन शिपायांचं. चिलखतं साच्यातून ओतून घेईन, तिघांची एकसारखीच तर हवीत. टोप्यांसाठी कागदी शंकू करून बघितले, शिवण दिसते. एपॉक्सी पुटीचे ओले शंकू टूथपिकवर फिरवून घासायचा विचार आहे. लेथवर लाकडाचे इतके बारीक शंकू कोणी काढले असतील तर लाकूड कुठलं वापरलं तेवढं सांगा. सागवानाचं टोक माझ्याकडे टिकत नाहीये.