सहारला उतरल्यावर ठाण्याला कसं यावं

मुंबई विमानतळावरून, म्हणजे सहारहून, ठाण्याला कसं यायचं, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: विमान किती वाजता टेकतंय? अंतर ठरलेलं आहे. टर्मिनल २ पासून ठाणे स्टेशन रस्त्याने साधारण २२ किलोमीटर. पहाटे पाचला हे अंतर चाळीस मिनिटांत संपतं आणि शुक्रवारी संध्याकाळी सातला दोन तासही अपुरे पडतात. त्यामुळे घड्याळ आधी बघायचं, बॅगा मग मोजायच्या आणि पैशांचा हिशोब शेवटी करायचा. बहुतेक जण नेमकं उलट करतात, म्हणून अडकतात.

आम्हा ठाणेकरांना एक गोष्ट अंगवळणी पडलेली असते, पण पाहुण्यांना ती सांगावी लागते. सकाळी गर्दी मुंबईकडे जाते आणि संध्याकाळी मुंबईहून आमच्याकडे येते. म्हणजे सकाळी उतरणारा माणूस प्रवाहाच्या उलट दिशेने येतो आणि संध्याकाळी उतरणारा थेट प्रवाहात सापडतो. रस्ता असो वा रूळ, दोन्हीकडे हेच.

सकाळी सहा ते दुपारी चारच्या दरम्यान उतरलात, हातात एक चाकांची बॅग आणि पाठीवर एक सॅक एवढंच सामान असेल, तर माझं मत ठाम आहे: मेट्रो आणि लोकल. मेट्रो ३ चं स्टेशन टर्मिनल २ जवळच आहे. बाहेर पडल्यावर मेट्रोच्या पाट्या धरून चालायचं. सामानाची ट्रॉली फलाटापर्यंत नेता येत नाही, त्यामुळे स्वतःच्या बॅगेचं हँडल आणि चाकं शाबूत हवीत. आरे जेव्हीएलआरच्या दिशेची गाडी पकडायची. उलट दिशेची गाडी बीकेसी, वरळी करत कफ परेडला जाते. पुढचंच स्टेशन मरोळ नाका, तिथे उतरायचं. टर्मिनल १ वरून येत असाल तर हीच गाडी, फक्त सहार रोड आणि टर्मिनल २ ही दोन स्टेशनं मध्ये लागतात.

मरोळ नाक्याला खरी चढाई आहे. मेट्रो ३ जमिनीखाली आणि वर्सोवा-घाटकोपर मेट्रो १ रस्त्याच्या वर, पुलावर. सरकते जिने आहेत, लिफ्टही आहे. जड बॅग असेल तर लिफ्टची रांग पत्करावी, कारण भरलेल्या सरकत्या जिन्यावर बॅग सुटली तर मागच्या माणसाच्या पायावर जाते. दोन्ही मेट्रो वेगवेगळ्या कंपन्या चालवतात, त्यामुळे एका मेट्रोचं साधं तिकीट दुसऱ्या मेट्रोच्या गेटवर चालेल असं गृहीत धरू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘मुंबई वन’ ॲपवर दोन्ही मेट्रो आणि लोकल यांचं तिकीट एकत्र काढता येतं. ते ॲप विमानतळावर बसूनच डाउनलोड करावं. भुयारात उतरल्यावर मोबाइलला रेंज शोधत बसायची ती वेळ नव्हे.

मेट्रो १ वर घाटकोपरच्या दिशेला साकीनाका, असल्फा, जागृती नगर आणि मग घाटकोपर. चार स्टेशनं, दहा-बारा मिनिटांचा प्रवास. खाली अंधेरी-कुर्ला रोडवर साकीनाक्याला वाहनं जागच्या जागी उभी असतात आणि आपण त्यांच्या डोक्यावरून निघून जातो. या मार्गाचा सगळा फायदा त्या दहा मिनिटांत आहे. एक फरक मात्र ध्यानात असू द्या. मेट्रो ३ ची गाडी आठ डब्यांची, मेट्रो १ ची चारच डब्यांची. आधीची गाडी ऐसपैस वाटली म्हणून दुसरीही तशीच असेल असं नाही.

घाटकोपरला मेट्रोचं स्टेशन रेल्वेच्या पुलाला जोडलेलं आहे, रस्त्यावर उतरावं लागत नाही. इथे इंडिकेटर, म्हणजे फलाटावरची गाड्यांची पाटी, वाचता आला पाहिजे. ‘टी’ म्हणजे ठाणे, ‘के’ कल्याण, ‘ए’ अंबरनाथ, ‘बीएल’ बदलापूर, ‘एन’ कसारा, ‘एस’ म्हणजे कर्जत. शेजारी ‘एस’ असेल तर धीमी आणि ‘एफ’ असेल तर जलद. जागेचं अक्षर आणि वेगाचं अक्षर, दोन्हीकडे ‘एस’ येतो, त्यामुळे नवखा माणूस गोंधळतो. जागेचं अक्षर आधी, वेगाचं नंतर, एवढं ध्यानात राहिलं की पुरे.

सामान असेल तर मी ‘टी एस’ची, म्हणजे ठाणे धीम्या गाडीची वाट बघायला सांगेन. जलद गाडी पंधरा-सतरा मिनिटांत पोचते, धीमी विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड करत पंचवीस मिनिटं घेते. वाचतात ती आठ-दहा मिनिटं. पण ठाणे लोकल ठाण्यालाच संपते. सगळे तिथेच उतरतात, बॅग शांतपणे खाली घेता येते. कर्जत किंवा कसारा जलदमध्ये दारातली माणसं पुढे तासभर जाणारी असतात. ठाण्याला उतरणाऱ्याला दारापर्यंत पोचायला मुलुंडच्या आधीपासून सरकावं लागतं, आणि गाडी थांबते ती अर्ध्या मिनिटाच्या आसपास. तेवढ्या वेळात हातातली बॅग, खांद्यावरची सॅक आणि आपण स्वतः, तिघांना एकाच दारातून बाहेर काढायचं असतं. संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ यात पडूच नये.

याच रुळांवरून १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून, म्हणजे आजच्या सीएसएमटीजवळून, पहिली गाडी ठाण्याला आली. चौदा डबे, तीन इंजिनं, ३४ किलोमीटर आणि ५७ मिनिटं. आजची धीमी लोकल मधली सगळी स्टेशनं घेत जवळपास तेवढ्याच वेळात येते. ठाण्याच्या माणसाला या मार्गाबद्दल जिव्हाळा वाटतो तो उगाच नव्हे.

दुसऱ्या वर्गाचं घाटकोपर ते ठाणे तिकीट १० रुपये. मेट्रोची दोन्ही तिकिटं धरून एका माणसाचा सगळा प्रवास पन्नास रुपयांच्या आत-बाहेर होतो. वेळ सव्वा तास धरा, त्यात चालणं आणि दोन बदल आले. मालडब्यात मोकळी जागा दिसली तरी साध्या तिकिटावर चढू नका, दंड होतो. एसी लोकल आली तर तिचं तिकीट वेगळं असतं, साधं तिकीट घेऊन चढायचं नाही. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही रूळ काही तास बंद ठेवतात. माटुंगा-मुलुंड दरम्यान धीम्या मार्गावर ब्लॉक असला की धीम्या गाड्या जलद मार्गावरून धावतात आणि नाहूर, कांजूरमार्गसारखी स्टेशनं गाळतात. घाटकोपर आणि ठाणे मात्र गळत नाहीत, त्यामुळे आपलं काम अडत नाही. गाड्या उशिरा येतात एवढंच. पावसाळ्यातला धोका वेगळा आहे. शीव-कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं की अख्खी मध्य रेल्वे लंगडते. जोराचा पाऊस असेल तर मरोळ नाक्याला मेट्रो बदलण्याआधी लोकल सुरू आहेत ना, हे बघून घ्या.

ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणेवाल्यांनाही हाच मार्ग सोयीचा. ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे नवी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलच्या फलाटांवर, म्हणजे ९, १० आणि १०अ वर जायचं.

आता संध्याकाळ. सहा ते नऊ ही वेळ सगळ्यांत वाईट आहे. मेट्रो १ ला मरोळ आणि साकीनाक्याच्या ऑफिसांतली माणसं घाटकोपरकडे निघालेली असतात आणि घाटकोपरचा पूल माणसांनी भरलेला असतो. रस्त्याने जावं तर जेव्हीएलआरवर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर, सीप्झ, पवई आणि कांजूरमार्गच्या गांधीनगर चौकात गाडी अडते. त्यात मेट्रो ६ च्या कामाने लेन अरुंद झाल्या आहेत. सामान कमी असेल तर यावर एक मधला मार्ग आहे, फार लोक तो वापरत नाहीत. मेट्रोने घाटकोपरपर्यंत या, म्हणजे साकीनाक्याचा अडथळा टळला. मग लोकलच्या फलाटावर न उतरता पुलाने पूर्वेला बाहेर पडा आणि तिथून मीटरची रिक्षा करून पूर्व द्रुतगती मार्गाने ठाणे गाठा. अंतर १४ किलोमीटरच्या आसपास. फेब्रुवारी २०२५ पासूनच्या दराने पहिल्या दीड किलोमीटरला २६ आणि पुढे दर किलोमीटरला १७.१४ रुपये, म्हणजे साधारण २४० रुपये. कोंडीत थांबल्याचे थोडे वर चढतील.

सामान जास्त असेल, बरोबर आजी-आजोबा किंवा लहान मूल असेल, तर वेळ कोणतीही असो, टॅक्सीच करा. यात काटकसर नको. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा दर पहिल्या दीड किलोमीटरला ३१ आणि पुढे २०.६६, टर्मिनल २ वरून २२ किलोमीटरचे साडेचारशे ते पावणेपाचशे होतात. रात्री बारा ते पहाटे पाच पंचवीस टक्के जास्त. म्हणजे साडेपाचशे-पावणेसहाशे. हा हिशोब डोक्यात ठेवून प्रीपेडच्या खिडकीवर किंवा ॲपमध्ये आकडा बघा, म्हणजे किती जास्त मागितले जातायत ते लगेच कळतं. प्रीपेडची पावती घरी पोचल्यावरच चालकाच्या हातात द्यायची. आधी दिली की वाटेत ‘स्टेशनपर्यंतच ठरलं होतं’ असं ऐकावं लागू शकतं.

कुणी ‘टोल वेगळा’ म्हणालं तर नाही म्हणा. मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी इथे, १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना टोल नाही. टॅक्सी त्यात येते.

ॲपमध्ये ठिकाण टाकताना नुसतं ‘ठाणे’ टाकू नका. ठाणं स्टेशनपासून गायमुखपर्यंत लांबच लांब पसरलंय. घर नौपाड्यात असेल तर चालकाला कोपरीचा रेल्वे पूल ओलांडतानाच सांगायचं, ‘तीन हात नाक्याला पुलावर चढू नका, खालून घ्या आणि सिग्नलला उजवीकडे.’ गाडी एकदा उड्डाणपुलावर चढली की नौपाड्याचं वळण खालीच राहतं आणि पुढे जाऊन परत फिरावं लागतं. सिग्नलच्या त्या शंभर मीटरवर दहा-पंधरा मिनिटं जातात किंवा वाचतात. पाचपाखाडीला नितीन कंपनी, वर्तकनगरला कॅडबरी जंक्शन, तिथेही हाच नियम: आपल्या नाक्याच्या आधी खालची लेन.

घोडबंदर रोडवाल्यांची गोष्ट निराळी. मानपाडा, पातलीपाड्यापर्यंत माजिवड्यावरूनच यावं. कासारवडवली, ओवळा आणि पुढे असाल तर ॲप कधीकधी पश्चिम द्रुतगती मार्गाने दहिसर, फाउंटन हॉटेल करून गायमुख घाटातून आणतं. घाट मोकळा असेल तर तो रस्ता चांगला आहे. पण तिथे एखादा ट्रेलर बंद पडला की मागे फिरायला जागा नसते. रात्री अवजड वाहनं सुटल्यावर मी तो घेणार नाही. निघण्याआधी नकाशावर गायमुखच्या तुकड्याचा रंग बघा. लाल असेल तर चालकाला जेव्हीएलआरवरून घ्यायला सांगा.

मध्यरात्रीनंतर फारसा पर्याय उरत नाही. मेट्रो ३ ची शेवटची गाडी टोकाच्या स्टेशनांवरून साडेदहाच्या सुमारास सुटते, लोकल एक ते चार बंद. पण रस्ता रिकामा असतो, टॅक्सी चाळीस मिनिटांत घरी आणते. साडेतीनला उतरलेल्या आणि पैसे वाचवायचे असलेल्या माणसाने आत बसून चहा घ्यावा. मेट्रो ३ सहाच्या सुमाराला सुरू होते आणि सकाळी ठाण्याकडे येणारी लोकल मोकळी असते.

आणि तिकीट काढतानाच विमानतळाचा कोड वाचा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं सुरू झाली आहेत. त्याचा कोड एनएमआय, सहारचा बीओएम. नवी मुंबईला उतरलात तर वर लिहिलेलं काहीच उपयोगाचं नाही. तिथून ठाण्याला उलवे, बेलापूर आणि ठाणे-बेलापूर रस्त्याने यावं लागतं. घ्यायला येणाऱ्यालाही तोच कोड आधी कळवून ठेवा.